रमाबाई रानडे आणि सेवासदनच्या परिचारिका

रमाबाई रानडे हे नाव काढले की बहुतेकांना न्यायमूर्ती रानड्यांची पत्नी आठवते. २०१२ साली दूरचित्रवाणीवर 'उंच माझा झोका' ही मालिका सुरू झाली, तेव्हापासून अकरा वर्षांची नवरी आणि तिची पाटी-पेन्सिल घरोघरी माहीत झाली. मला मात्र या बाईंची ओढ लागली ती त्यांच्या आयुष्याच्या उत्तरार्धामुळे. वैधव्य आल्यावर आपल्याकडे बाई कोपऱ्यात बसत असे. रमाबाईंचे सार्वजनिक कार्य खऱ्या अर्थाने त्यानंतरच उभे राहिले.

त्यांचा जन्म १८६२ सालचा, आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचा. माहेरचे आडनाव कुर्लेकर. माहेरी मुलींना शिकवण्याची रीत नव्हती, त्यामुळे १८७३ साली लग्न होऊन सासरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. माधवराव रानडे तेव्हा तिशी ओलांडलेले बिजवर होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा माणूस स्वतः विधवेशी लग्न करील अशी लोकांची अपेक्षा होती. पण वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले. याचे समर्थन कोणी करू नये असे मला वाटते. मात्र लग्न होताच त्यांनी पत्नीला शिकवायला घेतले, हेही तितकेच खरे.

शिकवणारा नवरा मिळाला म्हणून रमाबाईंचे शिक्षण सोपे झाले, असे समजण्याचे कारण नाही. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच रुचत नव्हते. टोमणे, अबोला, घरकामाचा रगाडा हे सारे सोसून त्या अभ्यास करीत. पुढे पुण्यात मुलींच्या हायस्कूलसाठी खटपट चालली असता त्यांनी गव्हर्नरांसमोर इंग्रजीतून निवेदन वाचले, तेव्हाही घरी कौतुक झाले नाही. ही शाळा, म्हणजे हुजूरपागा, १८८४ साली निघाली. या काळात रमाबाई एक गोष्ट अनुभवाने शिकल्या असाव्यात, असा माझा तर्क आहे. बाईला शिकवायला गुरू मिळून भागत नाही. ती जिथे जेवते, झोपते, त्या घराने तिला शिकू द्यावे लागते.

मधल्या काळात, १८७९ च्या सुमारास, सरकारने रानड्यांची बदली धुळ्यास केली. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडामुळे सरकार पुण्यातील पुढाऱ्यांकडे संशयाने पाहत होते. रमाबाईही धुळ्यास होत्या. आमचे काठी त्या वेळी खानदेशातले एक मेवासी संस्थान होते. नंदुरबार जिल्हा व्हायला १९९८ साल उजाडायचे होते.

१९०१ साली माधवराव गेले. रमाबाई अडतीस-एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. प्रथम काही काळ त्या घराबाहेरच पडल्या नाहीत. नंतर येरवड्याच्या तुरुंगात स्त्री-कैद्यांना भेटू लागल्या. १९०४ साली मुंबईच्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांनी १९०८ साली मुंबईत सेवासदन काढले, त्याच्याही त्या अध्यक्षा झाल्या. २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्याचे सेवासदन सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे त्यातले त्यांचे उजवे हात. वर्ग भरण्यास जागा कुठून आणायची? रमाबाईंनी आपला राहता वाडा दिला.

इथपासून माझ्या विषयाला आरंभ होतो. पुण्यात ससून रुग्णालय होते आणि तेथे परिचारिकेचे काम शिकता येत असे. पण तिकडे वळत त्या मुख्यतः युरोपियन आणि ख्रिस्ती स्त्रिया. हिंदू घरांतून परक्या पुरुषाला स्पर्श करणे, नाना जातींच्या रोग्यांचे मलमूत्र काढणे, रात्रपाळीला घराबाहेर राहणे, आणि या सर्वाचा पगार घेणे, हे सगळेच निषिद्ध. म्हणजे रुग्णालयात शिक्षण होते, रोगी तर ढिगाने होते, आणि दुसरीकडे केशवपन करून माजघरात बसवलेल्या तरुण विधवाही होत्या. या तिन्हींचा मेळ घालून देणारे कोणी नव्हते.

सेवासदनने तो मेळ घातला. रोगी कसा हाताळायचा हे शिकवणे रुग्णालयाकडेच राहिले. त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे सेवासदनने उचलले. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते त्या प्रौढ बायकांना आधी साक्षर केले. शिकणाऱ्यांसाठी वसतिगृह चालवले. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे रमाबाईंचे नाव. रानड्यांच्या घरच्या बाईंच्या देखरेखीखाली मुलगी राहणार, म्हटल्यावर बापाला वा दिराला चारचौघांत तोंड दाखवता येत असे. कोणत्याही माहितीपत्रकात न सापडणारी ही सोय होती. पुढे प्रसूतिविद्या आणि वैद्यकीय शाळेचे शिक्षण यांकडेही सेवासदनच्या विद्यार्थिनी गेल्या. शिक्षिका तयार करणारे वर्ग निघाले, शिवणकाम आले. त्यांविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण माझे मन परिचारिकांपाशीच घोटाळते.

त्याला कारण आहे. आमच्याकडे डोंगरातल्या पाड्यावरून अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणण्याची वेळ अजूनही येते. रस्ता, गाडी, दवाखाना हे सर्व हवेच; पण पाड्यावरच्या म्हातारीला जिची बोली कळते अशी नर्सबाई मिळाली, तर निम्मी भीती तिथेच जाते. ती बाई बाहेरून किती दिवस आणणार? आमच्याच मुली शिकल्या पाहिजेत. आज ए.एन.एम.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जी.एन.एम.चा तीन आणि बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा आहे. माझी मामेबहीण बारावी झाली. सरकारी जागेत तिचा नंबर लागला नाही, आणि एका खाजगी संस्थेने सांगितलेली फी ऐकून मामा न बोलता एस.टी.त बसला. फीखेरीज खोली, खाणावळ, गणवेश, पुस्तके यांचा खर्च वेगळाच. मी स्वतः वसतिगृहात जागा मिळाली म्हणून बी.ए.ला येऊ शकले. नाहीतर आमच्या घरातून कॉलेजात कोणी आलेच नसते. म्हणून सेवासदनचे वसतिगृह हा मला त्या संस्थेचा एक जोडविभाग वाटत नाही. परिचारिका घडल्या त्या त्याच्या आधारावर. नंदुरबारात, धडगावात, मोलगीत तसे एखादे घर कोणी उघडले आणि शिकताना चार पैसे हाती पडण्याची व्यवस्था केली, तर काठीच्या मुली परीक्षेला घाबरणाऱ्या नाहीत.

रमाबाई अखेरपर्यंत थांबल्या नाहीत. १९१० साली त्यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक निघाले. पण त्यात त्या बहुतांशी पतीविषयीच बोलतात, स्वतःच्या कामाविषयी फारसे नाही. याचा मला जरा राग येतो! पुणे नगरपालिका सक्तीचे प्राथमिक शिक्षण मुलांपुरतेच ठेवू पाहत होती, तेव्हा मुलींनाही ते मिळावे म्हणून त्यांनी स्त्रियांना संघटित केले. मुंबई इलाख्यातील स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतही त्या पुढे होत्या. १९२४ साली त्यांचे निधन झाले. १९६२ साली, जन्मशताब्दीनिमित्त, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. पंधरा वर्षांपूर्वी एका वाड्यात सुरू झालेले सेवासदन त्यांच्या मृत्यूच्या वेळी पुण्याबाहेरही पोहोचले होते, आणि तिथे शिकलेल्या परिचारिका पगारावर काम करीत होत्या.