इंधनाची परीक्षा घेणारा अभियंता : सर हॅरी रिकार्डो

भारतात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले आणि जुन्या मोटरसायकलींच्या मालकांत अस्वस्थता पसरली. गाडी तापते, सरासरी घटते, रबरी पाइप फुगतात, अशा तक्रारी ऐकू येऊ लागल्या. अल्कोहोलवर इंजिन कसे चालते, या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास मात्र शंभर वर्षांपूर्वीच झाला होता. तो करणाऱ्यांत सर हॅरी रिकार्डो यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

रिकार्डो यांचा जन्म २६ जानेवारी १८८५ रोजी लंडन येथे झाला. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांच्या भावाचे ते वंशज. वडील हॅल्सी रिकार्डो वास्तुविशारद होते. कोलकात्याजवळील हावडा स्थानकाची आजची भव्य इमारत ही त्यांचीच कल्पना. आजोबा सर अलेक्झांडर रेंडेल यांनी सिंधू नदीवरील सक्कर येथील लॅन्सडाउन पुलाचा आराखडा केला होता. नातवाने पूल बांधावेत अशीच घरच्यांची अपेक्षा असणार. पण केंब्रिजमध्ये शिकत असताना विद्यापीठाच्या मोटार क्लबने एक स्पर्धा ठेवली : एक क्वार्ट, म्हणजे सव्वा लिटरहून थोडे कमी पेट्रोल घेऊन जास्तीत जास्त अंतर कापायचे. रिकार्डो स्वतः बनवलेले एकसिलिंडर इंजिन मोटरसायकलला जोडून उतरले. त्यांचे वाहन सर्वांत जड होते, तरी सुमारे ६४ किलोमीटर अंतर कापून तेच जिंकले. प्राध्यापक बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी हा विद्यार्थी हेरला आणि इंजिन-संशोधनाकडे वळवला.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश रणगाड्यांच्या धुरामुळे त्यांचा ठावठिकाणा शत्रूला कळत असे. १९१७ मध्ये रिकार्डो यांनी त्यांच्यासाठी हलक्या प्रतीच्या पेट्रोलवर चालणारे, धूर न ओकणारे १५० अश्वशक्तीचे इंजिन तयार केले. त्यातून मिळालेली प्रतिष्ठा आणि पैसा त्यांनी समुद्रकाठच्या शोरहॅम येथील प्रयोगशाळेत घातला.

त्या काळी इंजिनाच्या ‘नॉकिंग’चे, म्हणजे आतून येणाऱ्या ठोक्यांचे कोडे सुटलेले नव्हते. अनेक जण ठिणगीला दोष देत. रिकार्डो यांनी दाखवून दिले, की ठिणगी पडल्यावर शेवटी उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटते व तोच तो ठोका. म्हणजे इंजिनाची ताकद वाढवण्यात आडवे येते ते इंधन. ते मोजण्यासाठी त्यांनी चालू असतानाच कॉम्प्रेशन कमीजास्त करता येईल असे प्रायोगिक इंजिन बनवले. हेन्री टिझार्ड व डेव्हिड पाय या सहकाऱ्यांसह नाना इंधने त्यात तपासली. आजच्या ‘ऑक्टेन’ मोजणीचे मूळ याच कामात आहे.

या परीक्षेत अल्कोहोल पहिले आले. उच्च कॉम्प्रेशनलाही ते ठोका देईना. शिवाय बाष्प होताना ते पेट्रोलच्या अडीच पटींच्या आसपास उष्णता शोषून घेते, त्यामुळे आत येणारे मिश्रण थंड राहते. वाऱ्यावर थंड होणाऱ्या मोटरसायकल इंजिनाला याहून हितकारक काय असणार! विसाच्या दशकात शर्यतवाल्यांनी अल्कोहोलयुक्त इंधने उचलून धरली, ती याच गुणांमुळे. रिकार्डो यांनी ट्रायम्फ कंपनीसाठी चार झडपांचे ४९९ सीसीचे इंजिनही घडवले. त्याच गाडीवर वॉल्टर ब्रँडिश १९२२ च्या सीनियर टीटी शर्यतीत दुसरे आले.

पण हे गुण दिसतात ते उच्च कॉम्प्रेशनच्या, मोठ्या जेटच्या, अल्कोहोलसाठीच सिद्ध केलेल्या इंजिनात. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. एक भाग पेट्रोल जाळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला केवळ ९ भाग. जुन्या कार्बोरेटरचे छिद्र पेट्रोलच्या हिशेबाने पाडलेले. ते इंधनातला फरक ओळखत नाही. परिणामी मिश्रण विरळ होते आणि इंजिन गरम चालते. कॉम्प्रेशन कमीच असल्याने ठोका न देण्याच्या गुणाचा लाभ मिळत नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या व १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या दुचाकींची सरासरी २० टक्के मिश्रणावर ३ ते ४ टक्के घटेल असा अंदाज दिला होता. इथेनॉल पाणी ओढून घेते; गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी व इथेनॉलचा थर साचू शकतो, पत्रा गंजतो, जुने रबर फुगते. जाणते मेकॅनिक जेट एक-दोन क्रमांकांनी वाढवतात आणि पाइप, वॉशर बदलतात. फार दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी रिकामी करून ठेवण्याचा सल्लाही ते देतात. हे उपाय साधे आहेत, पण त्यांचा खर्च गाडीमालकाच्याच माथी पडतो आणि पंपावर जुन्या गाडीसाठी वेगळे इंधन सहसा मिळत नाही, ही तक्रार रास्तच म्हणायला हवी.

आपल्याकडे या मिश्रणाचे पहिले प्रयोग २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि बरेली येथे झाले. ते पाहायला रिकार्डो नव्हते. पुढील आयुष्यात डिझेल इंजिनांसाठी त्यांनी रचलेला ‘कॉमेट’ ज्वलनकक्ष लंडनच्या बसगाड्यांत पोहोचला. १९२९ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, १९४८ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९६८ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि १८ मे १९७४ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.