सेनापती बापू गोखले

यंदाच्या स्मरणिकेत ज्ञातिबांधवांपुढे सेनापती बापू गोखले यांचे अल्पचरित्र ठेवताना आम्हांस समाधान वाटते.

त्यांचे मूळ नाव नरहर गणेश. चुलते धोंडोपंत यांच्या हाताखाली कर्नाटकात त्यांची उमेदवारी झाली. 1800 साली धोंडोपंत धोंड्या वाघाशी लढताना पडले. पुढे वेल्स्लीच्या इंग्रजी फौजेने धोंड्यास ठार केले, त्या मोहिमेत बापू सामील होते. 1803 साली दुसऱ्या बाजीरावास पुण्यास परत आणणाऱ्या वेल्स्लीबरोबरही ते होते. ही हकीकत झाकून ठेवावी, असे आम्हांस वाटत नाही. उलट, इंग्रजी घोडदळाची जी पारख पुण्याच्या दरबारात क्वचितच कोणास होती, ती बापूंस येथेच आली.

या घोडदळातील ड्रॅगून स्वारांच्या खांदपट्ट्यास आखूड नळीची कराबीन लटकत असे व कमरेस तलवार. भरधाव घोड्यावरून कराबिनीचा नेम कितीसा लागणार! ती मुख्यत्वे चौकी-पहाऱ्याच्या कामाची. हल्ल्यात तलवारच चाले. भाले, तलवारी, तोड्याच्या बंदुका यांची वाण आमच्याकडेही नव्हती. वाण होती ती एका हुकमासरशी सबंध रांग वळविण्याच्या कवाइतीची.

5 नोव्हेंबर 1817 रोजी गणेशखिंडीखालच्या माळावर बापूंनी जरीपटक्यासह हजारो स्वार इंग्रजांवर घातले. श्रीमंत पर्वतीवरून पाहात होते. वाटेत दलदल लागली, घोडी रुतली, मोरो दीक्षित धारातीर्थी पडले. पंधरवड्याच्या आत शनिवारवाडा इंग्रजांच्या हाती गेला.

पुढे पाठलाग सुरू झाला. 20 फेब्रुवारी 1818 रोजी सोलापूरकडील आष्टी येथे जनरल स्मिथने पेशव्यांचा तळ अवचित गाठला. बाजीराव पालखी सोडून घोड्यावर बसले व निघाले. बापू मात्र थोडक्या स्वारांनिशी मागे वळले. नाल्यामुळे मद्रासी रिसाल्यास अडथळा होताच ते 22 व्या ड्रॅगूनांच्या बगलेवर तुटून पडले. स्मिथच्या डोक्यास जखम झाली. परंतु ड्रॅगूनांची तुकडी जागच्या जागी वळली, आणि त्या हातघाईत बापू ठार झाले. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह त्याच दिवशी इंग्रजांच्या स्वाधीन झाले.

बाजीरावांस निसटण्यापुरता अवधी मिळाला. त्या अवधीचे पुढे काय झाले, हेही लिहिणे प्राप्त आहे. जून 1818 मध्ये ते माल्कमच्या स्वाधीन झाले आणि सालीना 8 लक्ष रुपयांची नेमणूक घेऊन ब्रह्मावर्तास राहावयास गेले.