मळ्यावरची शाळा

इ. स. १८९७ च्या जानेवारीत बॅरिस्टर मोहनदास करमचंद गांधी सहकुटुंब दक्षिण आफ्रिकेतील डरबन बंदरात उतरले. बरोबर पत्नी कस्तुरबा, नऊ वर्षांचा हरिलाल, पाच वर्षांचा मणिलाल आणि बहिणीचा दहा वर्षांचा मुलगा होता. बिऱ्हाड थाटताच मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला. गोऱ्यांच्या शाळांत हिंदी मुलांना प्रवेश नसे. गांधीजींच्या मुलांना मेहेरबानी म्हणून तो मिळालाही असता; परंतु इतर हिंदी मुलांना जे मिळत नाही ते आपल्या मुलांनी घ्यावे, हे त्यांना रुचेना. मिशनच्या शाळांत इंग्रजीतून शिकवीत. तेही त्यांना पसंत नव्हते. अखेर दरमहा सात पौंडांवर एक इंग्रज शिक्षिका ठेवण्यात आली आणि गांधीजी स्वतः जमेल तसे गुजराती शिकवू लागले. जमेल तसे म्हणण्याचे कारण, वकिली आणि लोकसेवा यांतून त्यांना सवड अशी थोडीच मिळे.

इ. स. १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डरबनला जाताना, पोलाक नावाच्या मित्राने दिलेले रस्किनचे पुस्तक त्यांनी आगगाडीत वाचावयास घेतले. हातांनी कष्ट करणाऱ्या शेतकऱ्याचे व कारागिराचे जीवन हेच खरे जीवन, हा त्यातील विचार त्यांच्या मनाने असा घेतला की, रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. थोड्याच दिवसांत डरबनपासून चौदा मैलांवर फिनिक्स येथे एक हजार पौंडांना शंभर एकर जमीन खरेदी झाली. जमिनीत एक झरा, काही आंब्यांची व संत्र्यांची झाडे, एक मोडकळीस आलेले घर आणि पुष्कळ साप होते! डरबनचा छापखाना तेथे आला. प्रत्येक कुटुंबास तीन एकरांचा तुकडा मिळाला आणि पन्हळी पत्र्यांची घरे उभी राहिली.

वकिलीमुळे गांधीजींना मात्र जोहान्सबर्गला परतावे लागले. पुढे मुले तेथे आली, तेव्हा घरापासून कचेरीपर्यंतची वाट हाच त्यांचा वर्ग झाला. जाऊन येऊन पाच मैलांची ती पायपीट. वाटेत दुसरे कोणी बोलावयास भेटले नाही, तर वडील मुलांना गोष्टींतून काही शिकवीत. इ. स. १९०६ मध्ये कुटुंब फिनिक्सला राहावयास गेले.

इ. स. १९१० मध्ये सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी हेर्मान कॅलनबाख या मित्राने जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवरील आपली अकराशे एकर जमीन दिली. तिला टॉल्स्टॉय फार्म असे नाव पडले. येथे नोकर नव्हते. लहानथोर सारेच खणीत, स्वयंपाक करीत, भंगीकामही करीत. कॅलनबाख एका मठात जाऊन चपला करावयास शिकले. त्यांच्यापासून गांधीजी शिकले आणि मग मुले. शाळा दुपारच्या जेवणानंतर भरे. सकाळच्या श्रमांनी विद्यार्थी पेंगत आणि गुरुजीही! डोळ्यांना पाणी लावून सारे पुन्हा धड्याकडे वळत. तमिळ मुलांना तमिळ शिकविणाऱ्या गांधीजींचे तमिळ विद्यार्थ्यांपेक्षा कच्चे होते, आणि ते झाकण्याचा प्रयत्न त्यांनी कधी केला नाही.

एकदा एका दांडग्या मुलाला त्यांनी रुळाने मारले. मारताना त्यांचाच हात थरथरत होता. मुलगा रडला, त्याने क्षमा मागितली. पण त्या फटक्याची रुखरुख गांधीजींना जन्मभर राहिली.

इ. स. १९१२ मध्ये नामदार गोखले या मळ्यावर आले. त्यांच्यासाठी मुद्दाम एक खाट मागून आणली होती. परंतु येथे सारेच जमिनीवर निजतात हे कळताच त्यांनी ती काढावयास लावली.

या साऱ्या व्यवस्थेत एका जिवाचे समाधान झाले नाही. थोरले चिरंजीव हरिलाल सत्याग्रहात अनेकदा तुरुंगात गेले होते, वडिलांच्या शब्दाखातर त्यांनी कष्ट सोसले होते. पण आपल्याला रीतसर शिक्षण मिळाले नाही, ही खंत त्यांना जाळीत होती. विलायतेला शिकावयास पाठविण्याची एक संधी आली, तेव्हा गांधीजींनी स्वतःच्या मुलाऐवजी पुतण्याला पाठविले. इ. स. १९११ मध्ये हरिलाल कोणास न सांगता घर सोडून निघाले. त्यांचा शोध लागला, ते परत आले, पितापुत्रांचे रात्रभर बोलणे झाले. तरी त्यांचा निश्चय ढळला नाही. त्यांनी हिंदुस्थान गाठले व अहमदाबादेस शाळेत नाव घातले; परंतु मॅट्रिकची परीक्षा त्यांना उत्तीर्ण होता आली नाही.

मुलांना पुस्तकी विद्या देण्यात आपण उणे पडलो, असे गांधीजींनी पुढे आत्मचरित्रात स्वच्छ मान्य केले आहे. मात्र श्रम, साधेपणा आणि स्वाभिमान यांचे जे शिक्षण त्यांना मिळाले, ते शाळेत मिळाले नसते, हे त्यांचे मत कायम राहिले. मुलांचे मत नेहमीच तसे होते, असे म्हणता येत नाही. मणिलाल मात्र फिनिक्सला परतले. तेथील ‘इंडियन ओपिनियन’ हे पत्र त्यांनी इ. स. १९२० पासून चालविले आणि इ. स. १९५६ मध्ये देहावसान होईपर्यंत खाली ठेवले नाही.