साने गुरुजी : नाशिक रोडच्या तुरुंगातील शिक्षक

नाशिक रोडचे नाव घेतले की नोटा व मुद्रांक छापणारी मुद्रणालये, रेल्वे स्थानक आणि मध्यवर्ती कारागृह डोळ्यांसमोर येतात. कारागृहावरून तर तेथील एका भागाला जेल रोड हेच नाव पडले आहे. या कारागृहाच्या भिंतींआड ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत एका सत्याग्रही कैद्याने आपल्या आईच्या आठवणी लिहून काढल्या. ते पुस्तक म्हणजे ‘श्यामची आई’ आणि तो कैदी म्हणजे पांडुरंग सदाशिव साने, अर्थात साने गुरुजी. महाराष्ट्रात मुलांच्या हाती दिलेल्या संस्काराच्या पुस्तकांत याच्या इतके वाचले गेलेले दुसरे पुस्तक क्वचितच सापडेल. याच लेखणीने प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चरित्रही मराठीत लिहिले, ही गोष्ट मात्र आपल्या अनेक घरांना ठाऊक नसते.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड या गावी झाला. घराणे खोतांचे, परंतु वडिलांच्या काळात वैभव ओसरले आणि कर्जाचा डोंगर उभा राहिला. या ओढाताणीत आई यशोदाबाईंनी मुलांना जे दिले, तीच त्यांची खरी मिळकत ठरली. आईने मुलाला समोर बसवून नीतीचे व्याख्यान कधी दिले नाही. घरातले दळण, जेवण, अंघोळ, पाहुणा, शेजारी हेच तिचे पाठ होते.

त्यांतील काही प्रसंग येथे आठवण्यासारखे आहेत. लहानग्या श्यामला अंघोळीनंतर ओल्या पायांना माती लागलेली खपत नसे. त्याच्यासाठी आईने दगडावर आपले वस्त्र पसरले, त्याचा हट्ट पुरवला आणि मग पायांना जपतोस तसे मनालाही जप, एवढेच समजावले. दिवसातून पाच वेळा वुझू करणाऱ्या घरांना या प्रसंगाचे मर्म वेगळे उलगडून सांगायला नको. आपण मुलाला कोपरापर्यंत हात आणि घोट्यापर्यंत पाय धुण्यास शिकवतो. त्याच पाण्याबरोबर खोटेपणा आणि मत्सरही धुऊन निघावा, हे शिकवण्यास बहुधा विसरतो. दुसरा प्रसंग अळणी भाजीचा. आई भाजीत मीठ घालण्यास विसरली. वडिलांनी आणि मुलांनी ती मुकाट्याने खाल्ली. करणाऱ्याचे मन दुखवू नये, हा धडा त्या घराने एकही शब्द न बोलता गिरवला. प्रेषित (स.) अन्नाला कधी नावे ठेवत नसत, हे आपण मुलांना सांगतो, पण जेवणाच्या ताटावर त्याची परीक्षा होते, तेव्हा मुले आपल्या तोंडाकडे पाहत असतात.

तिसरा प्रसंग सर्वांत बोलका आहे. एका वृद्ध दलित स्त्रीच्या डोक्यावरची मोळी खाली पडली आणि ती तिला उचलवेना. अस्पृश्यतेच्या त्या काळात आईने श्यामला जाऊन तिला मदत करण्यास सांगितले आणि परत आल्यावर अंघोळ करण्यासही सांगितले. आईची करुणा रूढीच्या पुढे एक पाऊल गेली आणि तेथेच थांबली. उरलेली वाट चालण्याचे काम मुलाने आयुष्यभर केले. संस्काराची एक खूण ही असते, की ज्याच्यावर तो झाला तो माणूस संस्कार करणाऱ्याच्याही पुढे जातो.

पालगड, दापोलीचे मिशन हायस्कूल, औंध आणि पुणे असे गुरुजींचे शिक्षण झाले. औंधला हाताने स्वयंपाक करून, प्रसंगी उपाशी राहून त्यांनी दिवस काढले. १९१७ मध्ये आई वारली तेव्हा ते तिच्याजवळ पोहोचू शकले नाहीत, ही खंत त्यांच्या मनातून कधी गेली नाही. पुढे तत्त्वज्ञान विषयात एम. ए. होऊन १९२४ मध्ये ते खानदेशातील अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले.

त्यांचे खरे शिक्षकपण तेथील छात्रालयात दिसले. मुले शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडून ठेवत, अंथरुणे नीट घडी करून ठेवत, मळलेले कपडे धुऊन वाळत घालत. आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढत. मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ स्वतः लिहीत आणि त्यातून देशोदेशीच्या थोर पुरुषांची, शोधांची आणि घडामोडींची ओळख करून देत. आपली खोली कोणी झाडली हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी ती घाण ठेवण्याची लाज मुलांनाच वाटू लागे. शिक्षा आणि उपदेश यांनी जे साधत नाही, ते शिक्षकाच्या हातातील केरसुणीने साधले. नागरिकशास्त्राचा पहिला धडा हाच आहे : आपण केलेली घाण दुसऱ्या कोणाला तरी काढावी लागते, हे लहानपणीच कळणे.

१९३० च्या सत्याग्रहात त्यांनी शाळेचा राजीनामा दिला आणि तुरुंग हीच त्यांची पाठशाळा झाली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडील निरनिराळ्या भाषा बोलणारे कैदी होते. आपल्याच देशबांधवांची भाषा आपल्याला समजत नाही, याचे त्यांना दुःख झाले. ते तमिळ शिकले आणि तिरुवळ्ळुवर यांचा ‘कुरल’ हा प्राचीन नीतिग्रंथ त्यांनी मराठीत आणला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच लिहून घेतली. त्यानंतर नाशिक रोडच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ उतरले. दिवसाचे श्रम संपल्यावर सोबत्यांना सांगितलेल्या गोष्टींचे हे रूप आहे, म्हणून त्यातील प्रकरणांना रात्री म्हटले आहे. बदरच्या युद्धानंतर लिहिता-वाचता येणाऱ्या कैद्यांना मदीनेच्या मुलांना शिकवण्याच्या बदल्यात मुक्त करण्यात आले होते, हे सीरतच्या वाचकांना ठाऊक आहे. कैद्याच्याही ज्ञानाचा मान राखणारी ती दृष्टी होती. नाशिक रोडच्या या कैद्याला त्याच्या विद्येपायी कोणी सोडले नाही. तरीही त्याने शिकवणे थांबवले नाही.

दुसऱ्याला समजून घेण्याची हीच ओढ त्यांना इस्लामकडे घेऊन गेली. ‘इस्लामी संस्कृती’ या ग्रंथात त्यांनी प्रेषित (स.) यांचे चरित्र मराठी वाचकांपुढे आदराने मांडले. ज्या समाजात ते जन्मले, त्या समाजाने आपल्या शेजाऱ्याचा धर्म ऐकीव गोष्टींवरून ओळखू नये, ही त्यामागची तळमळ. स्वतःच्या श्रद्धेवर त्यांची निष्ठा होती. दुसऱ्याच्या श्रद्धेचा अभ्यास करताना ती आड आली नाही.

आईने जेथे पाऊल थांबवले होते, तेथून पुढचे पाऊल त्यांनी १९४७ मध्ये टाकले. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून त्यांनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मेपासून दहा दिवस प्राणांतिक उपोषण केले. मंदिर खुले झाले. मशिदीच्या सफीत खांद्याला खांदा लावून उभ्या राहणाऱ्या वाचकाला या लढ्याचे मोल लगेच कळेल. सफीतली ती समता मशिदीबाहेरच्या आपल्या व्यवहारांत, जमातींत आणि सोयरिकींत किती उतरते, हा प्रश्न मात्र त्याने स्वतःलाही विचारावा. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर गुरुजींनी एकवीस दिवस उपोषण केले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. भारतातील भाषा आणि प्रांत एकमेकांना ओळखू लागावेत म्हणून ‘आंतरभारती’ची कल्पना त्यांनी मांडली. ११ जून १९५० रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ही कल्पना पुरी व्हायची होती.

आज महाराष्ट्रातील असंख्य प्राथमिक शाळांच्या परिपाठात त्यांनी लिहिलेली, प्रेमालाच धर्म मानणारी प्रार्थना म्हटली जाते. मूल्यशिक्षणाच्या तासिका आहेत, परिसर अभ्यासाची पुस्तके आहेत. तरीही पालक म्हणून आपल्यापुढचा प्रश्न तसाच उभा आहे. मूल मराठी शाळेत जावो वा उर्दू शाळेत. शेजारच्या बाकावरील, शेजारच्या घरातील मुलाचा सण, त्याचे अन्न, त्याचे दुःख त्याला माहीत आहे काय? आपल्या धर्माविषयी इतरांच्या मनात गैरसमज आहेत, ही आपली तक्रार रास्त आहे. परंतु इतरांच्या थोर माणसांविषयी आपल्या मुलांना आपण काय सांगतो, हेही पाहिले पाहिजे. ज्याने आपल्या प्रेषितांचे (स.) चरित्र आस्थेने लिहिले, त्याचे चरित्र आपल्या घरात वाचले जाणे हा साध्या कृतज्ञतेचा भाग आहे.

गुरुजींच्या जीवनातून प्राथमिक वयाच्या मुलासाठी जे हाती येते, ते फार साधे आहे. जेवलेले ताट स्वतः उचलणे, वर्गातील कागद कोणी न सांगता टोपलीत टाकणे, ओझे वाहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हात देणे, दुसऱ्याची भाषा आणि श्रद्धा हसण्यावारी न नेणे. यांपैकी कोणतीही गोष्ट पुस्तकातून पाठ करून येत नाही. ती घरात आधी आई-वडिलांनी आणि शाळेत आधी शिक्षकांनी करावी लागते. मग मूल ती आपोआप उचलते. पालगडच्या त्या आईकडे ना धन होते, ना मोठे शिक्षण. तिच्या शिकवणीचे मोल तिच्या मुलाने नाशिक रोडच्या तुरुंगात बसून पाच दिवसांत लिहिले आणि ते फेडण्यात सारे आयुष्य घालवले.