अल-सूफी: चंद्रावर कोरलेले नाव

इराणातील रय शहरात ९०३ साली जन्मलेले अब्दुर्रहमान अल-सूफी हे बुवैही दरबारातले खगोलशास्त्रज्ञ. त्या काळी ताऱ्यांबाबत ग्रीक पंडित टॉलेमीचा शब्द अखेरचा मानला जाई. सूफींनी टॉलेमीचा आदर राखला, पण त्याची यादी नुसती उतरवून घेतली नाही. एकेक तारा त्यांनी स्वतः पाहिला आणि तेजाची नोंद जुळली नाही तिथे दुरुस्त केली.

९६४च्या सुमारास त्यांचा स्थिर ताऱ्यांवरचा ग्रंथ तयार झाला. त्यात ४८ तारकासमूहांची प्रत्येकी दोन चित्रे आहेत: एक आकाशात दिसते तसे, दुसरे खगोलाच्या गोलावर दिसते तसे. ढगासारख्या एका पुसट ठिपक्याचीही नोंद आहे. दुर्बीण यायला अजून सहाशेहून अधिक वर्षे होती. तो ठिपका म्हणजे सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेली देवयानी दीर्घिका.

९८६ साली त्यांचा इंतकाल झाला. चंद्रावरच्या एका विवराला त्यांचे लॅटिन वळणाचे नाव आहे, अझोफी. त्याला लागूनच ज्यू विद्वान इब्न एझ्रा यांच्या नावाचे विवर आहे. रमजानचा सातवा-आठवा चंद्र दुर्बिणीतून पाहिला, तर हे दोघे शेजारी एकत्र दिसतात.