आर्सची पायवाट : संत जॉन मेरी व्हियानी

चार ऑगस्टला आपण संत जॉन मेरी व्हियानी यांचा सण साजरा करतो. त्या दिवशी मिस्सानंतर धर्मगुरूंना फुले देण्याची, त्यांच्यासाठी खास प्रार्थना करण्याची प्रथा बऱ्याच धर्मग्रामांत रुजली आहे. व्हियानींचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा एकच चित्र येते. हाडकुळे, पांढऱ्या केसांचे एक फादर पापनिवेदनाच्या कोठडीत बसले आहेत आणि बाहेर लोकांची रांग संपत नाही. चित्र खरेच आहे. पण कोठडीत अडकण्याआधी हा माणूस पायांचा होता. रानातून, डोंगरातून, तळ्यांच्या बांधांवरून तो मैलोन्मैल चालला. याच पायांनी त्याला आर्स गावात आणले आणि याच पायांनी त्याने त्या गावातून पळून जाण्याचाही प्रयत्न केला. संतचरित्रांत हा भाग घाईने उरकला जातो. आज आपण तोच जरा सावकाश पाहू.

जॉन मेरीचा जन्म ८ मे १७८६ रोजी लिऑन शहराजवळच्या दार्दिली या खेड्यात झाला. वडील मॅथ्यू शेतकरी. घर साधे, पण वाटसरूंना दार नेहमी उघडे. जॉन मेरी जन्मण्याच्या सोळा वर्षे आधी, १७७० साली, एक फाटका यात्रेकरू आजोबांच्या घरी जेवून, झोपून गेला होता. तो म्हणजे युरोपभर पायी फिरणारा बेनेडिक्ट जोसेफ लाब्र, जो पुढे संत झाला. त्याचे नाव या घरात मुलांना सांगितले जात असे.

मुलगा गुरे राखत वाढला. तो तीन वर्षांचा असताना फ्रेंच राज्यक्रांती झाली. पुढे चर्चे बंद झाली, शपथ न घेणारे धर्मगुरू वेषांतर करून लपून राहू लागले आणि रात्री एखाद्या घरात किंवा गोठ्यात मिस्सा होऊ लागली. अशा मिस्साला अंधारात, कुणाला चाहूल लागू न देता चालत जायचे, हे या मुलाने लहानपणीच शिकून घेतले. १७९९ साली एक्युली गावात त्याला पहिला ख्रिस्तप्रसाद मिळाला तो एका घरात. आतल्या मेणबत्त्यांचा उजेड रस्त्यावर दिसू नये म्हणून खिडक्यांपुढे गवताच्या गाड्या आणून उभ्या केल्या होत्या.

धर्मगुरू व्हायचे हे मनाशी ठरले होते, पण शिक्षण काही झाले नव्हते. विसाव्या वर्षी तो एक्युलीच्या फादर बॅली यांच्याकडे लॅटिन शिकायला बसला, ते आपल्याहून कितीतरी लहान मुलांच्या शेजारी. डोक्यात काही शिरेना. तेव्हा, १८०६ साली, त्याने नवस केला : ला लुव्हे येथील संत फ्रान्सिस रेजिस यांच्या कबरीपर्यंत पायी जायचे आणि वाटेत भीक मागून खायचे. अंतर सुमारे शंभर किलोमीटर, शेवटचा टप्पा विव्हारे प्रांतातल्या डोंगरांतून. धडधाकट तरुण भीक मागतो आहे म्हटल्यावर लोकांनी त्याला चोर-भामटा समजून दारातून हाकलले. ला लुव्हेच्या एका फादरांनी नवसात बदल करून दिला : परत जाताना भीक मागायची नाही, उलट वाटेत भेटेल त्या गरिबाला दान द्यायचे. लॅटिनमध्ये तो पंडित काही झाला नाही, निभावण्यापुरती प्रगती झाली. ला लुव्हेच्या परिसरात आज संत रेजिस यांच्या नावाची लांब पायवाट आहे आणि हौशी चालणारे पाठीवर पिशवी टाकून ती पार करतात.

१८०९ साली नेपोलियनच्या सैन्यात भरतीचे बोलावणे आले. स्पेनमध्ये युद्ध चालू होते. जॉन मेरी आजारी पडला, आधी लिऑनच्या आणि मग रोआनच्या इस्पितळात राहिला. जानेवारी १८१० मध्ये तुकडी निघायच्या आदल्या दिवशी तो चर्चमध्ये प्रार्थनेला बसला आणि कचेरी बंद झाली. दुसऱ्या दिवशी तुकडी पुढे गेलेली. अशक्त अंगाने तो एकटाच मागोमाग निघाला. थकून रानाच्या कडेला बसला असताना एक अनोळखी तरुण आला, त्याने त्याची पिशवी उचलली आणि त्याला मोठ्या रस्त्यावरून बाजूला काढून माडलेन डोंगराच्या झाडीत नेले. हा तरुण स्वतः सैन्यातून पळालेला होता. बीच आणि देवदारासारख्या झाडांच्या या दाट रानात असे बरेच पळपुटे लपून होते. पहिली रात्र लाकडी बूट बनवणाऱ्या एका कारागिराच्या घरी गेली.

त्याने हे जाणूनबुजून केले की नाही, यावर चरित्रकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. आम्हांला वाटते, सुरुवात अनवधानाने झाली असावी, पण नंतर परत जाण्याची वाट त्याने फारशी शोधली नाही हेही उघड आहे. संत झाला म्हणून हे झाकण्याचे कारण नाही. ले नोए या गावच्या नगराध्यक्षानेच त्याला आश्रय दिला ही त्यातली गंमत. आपल्या नात्यातल्या क्लोदीन फायो या विधवेच्या घरी त्याची सोय करण्यात आली. नाव बदलून जेरोम व्हिन्सेंट झाले. तो गोठ्यात झोपायचा, शेतात राबायचा आणि हिवाळ्यात गावच्या मुलांना वाचायला शिकवायचा. शिपाई शोधायला आले की गवताच्या गंजीत शिरायचे. एकदा शिपायाने गवतात तलवार खुपसली आणि तिचे टोक त्याला लागले, पण तो ओरडला नाही. वर्षभर असे गेले. पळालेल्यांना माफी जाहीर झाली आणि त्याच्या जागी धाकटा भाऊ फ्रान्स्वा सैन्यात गेला, तेव्हा १८११ च्या सुरुवातीला जॉन मेरी घरी परतला. काही आठवड्यांतच आई वारली.

सेमिनरीतही लॅटिनने छळ मांडलाच. परीक्षेत नापास, घरी परत, मग फादर बॅलींची रदबदली. अखेर १३ ऑगस्ट १८१५ रोजी ग्रनोब्ल येथे त्याला गुरुदीक्षा मिळाली. वॉटर्लूची लढाई होऊन दोनच महिने झाले होते आणि त्या मुलखात ऑस्ट्रियन सैन्य वावरत होते. लिऑनहून ग्रनोब्लपर्यंतचा शंभरेक किलोमीटरचा रस्ता तो एकटा, पायी चालला. सोबत कुणी नातलग नव्हते.

फेब्रुवारी १८१८ मध्ये नवे फादर व्हियानी एक्युलीहून आर्सला निघाले. सुमारे ३० किलोमीटरची वाट. सामान गाडीवर आणि ते स्वतः चालत. शेवटच्या टप्प्यात धुके इतके दाटले की गाव दिसेना. गुरे राखणाऱ्या मुलांना विचारले तर त्यांना या परक्याचे बोलणे कळेना, कारण तिथली बोली वेगळी. आंत्वान जिव्हर नावाच्या एका मुलाने अखेर हाताने वाट दाखवली. त्याबद्दल नव्या फादरांनी त्याला स्वर्गाची वाट दाखवण्याचे कबूल केले, अशी हकिकत आहे. आर्समध्ये तेव्हा वस्ती होती जेमतेम २३० माणसांची.

धुक्याचेही कारण आहे. आर्स हे दोंब नावाच्या पठाराच्या कडेला वसले आहे आणि दोंब म्हणजे तळ्यांचा मुलूख. एक हजाराहून अधिक तळी, पण निसर्गाने केलेले असे एकही नाही म्हटले तरी चालेल. जमीन चिकणमातीची, पाणी मुरत नाही. म्हणून मध्ययुगापासून लोकांनी आणि मठवासीयांनी मातीचे बांध घालून पावसाचे पाणी अडवले. काही वर्षे तळ्यात मासे वाढवायचे, मग पाणी पुढच्या तळ्यात सोडायचे आणि कोरड्या तळात ओट पेरायचे. उपासाच्या दिवसांत मासळीला मागणी असल्याने हा धंदा चालला. पण साचलेल्या पाण्याबरोबर हिवताप आला आणि एकोणिसाव्या शतकात दोंबची माणसे तापाने पिवळी पडून लवकर मरत. आज त्या बांधांवरून बगळे पाहत हिंडणाऱ्यांना हे कळणारही नाही. व्हियानी ज्या वाटांनी चालले त्या सुंदर होत्या, पण निरोगी नव्हत्या.

पहिली वर्षे ते खूप चालले. दुपारी जेवणाच्या वेळी घरोघर जायचे, कारण तेव्हाच शेतकरी घरी सापडत. हातात जपमाळ घेऊन शेतांच्या कडेने, झाडीतून फिरायचे. शेजारच्या धर्मग्रामांत मदतीला जायचे. १८२३ मध्ये त्रेव्हू येथे धर्मजागृतीसाठी कित्येक आठवडे काम चालले, तेव्हा शनिवारी रात्री थंडीतून आर्सला चालत यायचे, रविवारची मिस्सा करायची आणि पुन्हा तिकडे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी जवळजवळ सारे गावच बाहेर काढले. गाणी म्हणत सगळे त्रेव्हूपर्यंत पायी गेले आणि तेथून सोन नदीतून होड्यांनी लिऑनच्या फुर्व्हिएर टेकडीवरील मरियामातेच्या मंदिराला.

मग हळूहळू उलटे घडू लागले. लोक त्यांच्याकडे चालत येऊ लागले. आधी आसपासचे, मग दूरदूरचे. सुमारे १८३० पासून फादर आर्सबाहेर पडेनासे झाले. मध्यरात्रीनंतर उठून ते कोठडीत बसत. चर्चपासून घरापर्यंतची चार पावलेही गर्दीतून वाट काढत टाकावी लागत. ज्या माणसाला एकांत हवा होता त्याला एकांत सोडून बाकी सारे मिळाले. आपण फार अडाणी आहोत, एवढ्या आत्म्यांचा हिशेब आपल्याला देता येणार नाही, ही भीती त्यांना आयुष्यभर पोखरत राहिली. एखाद्या मठात जाऊन आपल्या पापांसाठी रडावे, एवढेच त्यांना हवे होते.

१८४३ च्या मे महिन्यात ते मरता मरता वाचले. त्याच सप्टेंबरात, एका रात्री, ते गुपचूप घराबाहेर पडले आणि अंधारातून चालत दार्दिलीला, भाऊ फ्रान्स्वाच्या घरी पोहोचले. वय ५७, अंगात त्राण नाही, वाट ३० किलोमीटरची. चार दिवसही शांतता मिळाली नाही, यात्रेकरू मागोमाग तिथे हजर. आर्समधले सहायक फादर रेमों यांनी बिशपांचा निरोप आणला : दोंबच्या तळ्यांमधले बोमाँ येथील मरियेचे एकांतातले देऊळ हवे असेल तर घ्यावे. दोघे तिकडे गेले. पाणी, झाडी, शांतता, जे मागितले होते ते सारे समोर होते. व्हियानींनी तेथे मिस्सा अर्पण केली आणि मिस्सा संपल्यावर सांगितले की आपण आर्सला परत जातो. तळी मागे टाकून ते निघाले. गावात घंटा वाजल्या, शेतातली माणसे कामे टाकून चौकात जमली.

ते कायमचे सुटले असे मात्र नाही. दहा वर्षांनी, सप्टेंबर १८५३ मध्ये, त्यांनी पुन्हा रात्री पळायचा बेत केला. या वेळी बातमी फुटली, गावकरी कंदील घेऊन धावले आणि गावाजवळच्या फोंब्लँ ओढ्यापलीकडे फार दूर काही त्यांना जाता आले नाही. चर्चची घंटा वाजली. परतल्यावर ते तडक कोठडीत जाऊन बसले. आम्हांला या प्रसंगात गावकऱ्यांचे कौतुक वाटते आणि थोडा रागही येतो. ६७ वर्षांच्या थकल्या माणसाला एक रात्रही सोडले नाही. पण त्यांना सोडले असते तर वाटेवर असलेल्या शेकडो यात्रेकरूंनी कुणाकडे जायचे होते?

४ ऑगस्ट १८५९ रोजी पहाटे दोनच्या सुमारास, कडक उन्हाळ्यात, ते आर्समध्येच वारले. १९२५ साली त्यांना संतपद मिळाले आणि १९२९ साली ते धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत ठरले. धुक्यात वाट विचारली त्या जागी आता दोघांचा पुतळा उभा आहे, फादर आणि गुराखी मुलगा. तेथून आर्स गाव चालत थोड्याच अंतरावर आहे.