मार्टिन लूथर आणि श्रद्धेचें शिक्षण

आपली धर्मावर श्रद्धा आहे असें सांगणारे लोक पुष्कळ आढळतात. परंतु ती श्रद्धा कशावर आहे असें विचारलें असतां सरळ उत्तर देणारे थोडे. श्रद्धा ही वडिलोपार्जित घराप्रमाणें आयती हातीं येते, तिच्या वाढीसाठीं निराळा प्रयत्न नको, अशी सर्वसाधारण समजूत असते. ख्रिस्ती जगांत ह्या समजुतीस ज्यानें जबर धक्का दिला, त्या मार्टिन लूथरचें चरित्र ह्या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. पोपाशीं झालेलें त्याचें भांडण सर्वश्रुत आहे; पण तो स्वतः कसा शिकला व त्यानें इतरांस कसें शिकविलें, ही गोष्ट आमच्या मतें अधिक महत्त्वाची होय.

लूथरचा जन्म ता. १० नोव्हेंबर १४८३ रोजीं जर्मनींतील आइस्लेबेन गांवीं झाला. बाप हान्स हा तांब्याच्या खाणींच्या धंद्यांतला मेहनती मनुष्य. मुलानें कायदेपंडित व्हावें ही त्याची इच्छा. सन १५०५ त एरफुर्टच्या विद्यापीठाची एम्. ए. ची पदवी घेऊन मुलगा कायदा शिकूंही लागला. पण त्याच वर्षीं २ जुलै रोजीं वाटेंत वादळानें गांठलें, जवळच वीज कोसळली, आणि वांचलों तर संन्यास घेईन असा नवस त्यानें केला. पंधरवड्यांत तो ऑगस्टिनियन मठांत दाखल झाला. बाप संतापला, कायदा सुटला. पण न्यायाधीशाची भीति कांहीं सुटली नाहीं. उपास, जागरणें, पापांची पुनःपुनः कबुली, सर्व झालें. तरी परमेश्वराच्या खतावणींत आपल्या नांवें बाकी निघतेच, ही तळमळ त्यास चैन पडूं देईना.

सन १५१२ त तो विटेनबर्ग येथें धर्मशास्त्राचा डॉक्टर झाला व तेथील विद्यापीठांत शिकवूं लागला. शिकवावयाचें म्हणून शिकावें लागलें, आणि ह्या शिकण्यांतच त्याची गांठ सुटली. स्तोत्रें व पौलाचें रोमकरांस पत्र ह्यांवर व्याख्यानें देतां देतां त्यास उमजलें कीं, देवाचें नीतिमत्त्व हा अपराध्यावर बजाविलेला हुकूमनामा नसून, ख्रिस्तावर विश्वास ठेवणारास मिळालेलें बक्षीसपत्र आहे. मनुष्य सत्कर्में करून देवास आपला देणेकरी करीत नाहीं. कृपा फुकट मिळाली म्हणून कृतज्ञतेनें तो सत्कर्में करितो.

पुढील सर्व इमारत ह्या पायावर उभी आहे. सन १५१७ च्या ३१ आक्टोबर रोजीं त्यानें पापदंडाच्या माफीपत्रांच्या विक्रीविरुद्ध ९५ कलमें मांडलीं, कारण विकत मिळणाऱ्या माफीनें खरा पश्चात्ताप मरतो. सन १५२१ च्या जानेवारींत पोपानें त्यास बहिष्कृत केलें; एप्रिलांत वर्म्स येथें बादशहा पांचवा चार्ल्स ह्याच्यासमोर त्यानें आपले ग्रंथ मागें घेण्याचें नाकारिलें. नंतर वार्टबुर्गच्या किल्ल्यांत गुप्तपणें राहून त्यानें नव्या कराराचें जर्मन भाषांतर केलें. तें १५२२ च्या सप्टेंबरांत छापून निघालें; संपूर्ण बायबल १५३४ त निघालें.

परंतु पुस्तक हातीं आलें म्हणजे समज आली असें नव्हे. सन १५२८ च्या सुमारास सॅक्सनींतील गांवोगांवच्या मंडळ्यांची तपासणी झाली, तींत लूथरनें भाग घेतला, आणि तेथील अज्ञान पाहून तो हादरला. प्रभूची प्रार्थनाही धड न येणारे लोक होते, आणि ती शिकविण्यास असमर्थ असे पाळकही होते. नव्या मतांतील मोकळीक तेवढी उचलली गेली होती. मूळ गोष्ट तशीच राहिली होती. येथें लूथरची खरी थोरवी दिसते. लोकांस दोष देऊन तो थांबला नाहीं. सन १५२९ त त्यानें घरोघर शिकवितां येईल अशी लहान प्रश्नोत्तरावली लिहिली. दहा आज्ञा, विश्वासाचा अंगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे तिचे मुख्य विषय. प्रत्येक वाक्यापुढें त्याचा अर्थ विचारावयाचा, आणि शिकविण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची. चोरी करूं नये ह्या आज्ञेचा अर्थ त्यानें परक्याच्या वस्तूस हात न लावण्यापुरता ठेविला नाहीं. खोटा माल व लबाडीचा सौदा वर्ज्य करून शेजाऱ्याची मालमत्ता व रोजगार वाढविण्यास मदत करावी, इथपर्यंत तो नेला. दुकान, शेत, स्वयंपाकघर हीं सर्व देवाच्या सेवेचीं ठिकाणें होत, मठ तेवढाच पवित्र नव्हे, ही त्याची शिकवण व्यापारी वर्गानें विशेष ध्यानांत घ्यावी. मुलांप्रमाणें मुलींसाठींही शाळा काढाव्या, असें त्यानें १५२४ सालींच नगरसभांस बजाविलें होतें.

एवढा मोठा डॉक्टर, पण तीच प्रश्नोत्तरावली आपण लहान मुलासारखी रोज म्हणतों, हें त्यानें उघड सांगितलें. ज्यांत हें विद्यार्थीपण राहिलें नाहीं असे प्रसंगही सांगितले पाहिजेत. सन १५२५ च्या शेतकऱ्यांच्या बंडांत त्यानें राजांस कठोर कत्तलीची चिथावणी दिली. सन १५४३ त यहुदी लोकांविरुद्ध विषारी पुस्तक लिहिलें. विसाव्या शतकांत हिटलरच्या पक्षानें त्याचा उपयोग केला, आणि पुढें अनेक लूथरीय मंडळ्यांनीं तें लेखन जाहीरपणें धिक्कारिलें. गुरूचीही परीक्षा करावी, हें त्या मंडळ्या त्याच्याकडूनच शिकल्या.

त्याची प्रश्नोत्तरावली आपल्या देशांतही आली. सन १७०६ त डेन्मार्कच्या ताब्यांतील तरंगमबाडी येथें उतरलेल्या बार्तोलोमेयस झीगेनबाल्ग ह्यानें ती तमिळांत आणिली, आणि नवा करारही त्या भाषेंत छापविला. ज्याची भाषा त्यास त्याच भाषेंत समजावें, हा लूथरचाच धडा.

ता. १८ फेब्रुवारी १५४६ रोजीं लूथर जन्मगांवींच वारला. शास्त्र पुरतें कळण्यास शंभर वर्षेंही अपुरीं, आपण सारे याचकच, अशा आशयाची चिठ्ठी त्यानें मरणापूर्वीं लिहून ठेविली होती. धर्म कोणताही असो, आपल्या घरीं रोज जें म्हटलें जातें त्याचा अर्थ मुलानें विचारल्यास सांगतां येईल काय, एवढा प्रश्न प्रत्येक गृहस्थानें स्वतःस विचारावा. उत्तर येत नसेल तर लाजण्याचें कारण नाहीं. मुलाच्या शेजारीं बसून शिकावयास लागावें, म्हणजे झालें.